मिठागरावरची फायबरची होडी

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी फायबरचं काम करत होतो. ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरग्लासचं अस्तर द्यायचं, गळके पाइप गुंडाळायचे, पंख्यांची झाकणं बनवायची, असलं काम. राहायला पेणला. शिफ्ट असेल तशी कधी रेल्वेने, कधी एसटीने ये-जा करायचो. काचेची बारीक कुसळं अंगात घेऊनच घरी यायचो. बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि अंघोळ केल्याशिवाय मला पानावर बसू द्यायची नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ती बालवाडीत शिकवायची. नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

सासऱ्यांना नारळांच्या आळ्यात टाकायला मीठ हवं होतं. उन्हाळा संपत आलेला. एका रविवारी सायकल घेऊन मी खाडीकडच्या मिठागरांवर गेलो. पांढऱ्या राशींच्या पलीकडे बांधाला लागून एक खोपटं होतं. भिंती कुडाच्या, पण छप्पर कौलारूही नाही आणि पेंढ्याचंही नाही. पालथ्या घातलेल्या काहिलीसारखं गोलसर, एका टोकाला निमुळतं. जवळ जाऊन मी त्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. तो आवाज मी दिवसातून शंभर वेळा ऐकत होतो. फायबर होतं.

खोपटात एक म्हातारा बसला होता. मिठागरावरच राबून म्हातारा झालेला, पायांना मिठाच्या भेगा.

"छपराला काय बघतंस?" त्याने विचारलं.

"आजोबा, ही होडी हाय."

"व्हय. मंग? होडीच हाय ती." त्याने आत वळून सुनेला हाक मारली, "गो, पाणी आन जरा, पावना आलाय."

पाणी पिता पिता त्याने सगळं सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईचा एक साहेब थंडीच्या दिवसांत खाडीत मासे गळाला लावायला यायचा. त्याची ही मोटारची होडी. एकदा ओहोटीला इंजिन बंद पडलं आणि होडी चिखलात रुतली. मिठागरावरच्या माणसांनी दोर लावून ती बांधावर ओढली. साहेबाने इंजिन सोडवून जीपमध्ये टाकलं, आठ दिवसांत येतो म्हणाला, आणि पुन्हा कधी आलाच नाही.

"तीन पावसाळे वाट पायली," म्हातारा म्हणाला. "मंग पालथी घातली. तवापासून एक थेंब गळला नाय."

मी खाली वाकून आतून बघितलं. बसायच्या फळ्या गेल्या होत्या. मागची जाड फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती आतून भुसा झाली होती. बाहेरचा रंग उन्हाने खडू झालेला, हाताला पांढरा लागत होता. ठिकठिकाणी फोड होते आणि नाकाशी एक लांब चीर. पण अंग शाबूत होतं. आमच्याकडे फायबर नवीन आलं तेव्हाची ती होडी असावी. तेव्हा लोकांचा त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणून आता देतात त्याच्या दुप्पट थर दिलेले. चौदा फुटांची, वरून उघडी आणि कमरेत अशी सुरेख वळलेली की मी मीठ घ्यायचं विसरून तिच्याभोवती फिरत राहिलो.

"आजोबा, मला द्याल?"

तो हसला. "आनि पावसाला मी कुटं बसू?"

पुढचे दोन रविवार मी त्याला छप्पर घालून देण्यात घालवले. सिमेंटचे पत्रे, नव्या वाशांचा सांगाडा, वाऱ्याच्या बाजूला दगड. त्याची सून खालून पत्रे देत होती आणि म्हातारा बांधावर बसून मला चुका सांगत होता. शेवटचा पत्रा बसल्यावर तो आत गेला, आडवा पडून वर बघितलं आणि म्हणाला, "ने आता."

न्यायची कुठे, हा प्रश्न होता. आमच्या दोन खोल्यांपुढे सायकल लावायलाही जागा नव्हती. तेव्हा मला माझा मित्र आठवला.

पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो पेणजवळच्या जोह्याचा, घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. वडील गेल्यावर तोच चालवत होता. डावखुरा, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची सवय. माझ्या लग्नात त्याने मांडवाच्या दाराला लावायला शाडूचे दोन मोर करून आणले होते. मला सख्खा भाऊ नाही. कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवत असे.

तो लगेच हो म्हणाला. गणपती नेतो त्याच टेम्पोत खाली पेंढा अंथरून आम्ही होडी जोह्याला नेली. कारखान्याच्या मागच्या पडवीत ती ठेवली तेव्हा त्याने तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला, नाकापासून शेपटापर्यंत, एकदाच.

"कुनी केलीय रे ही?" तो म्हणाला. "मानूस हुशार होता."

त्या पावसाळ्यात काहीच करता आलं नाही. गणपतीची गर्दी होती आणि दमट हवेत फायबरवर मारायचं रेझिन नीट धरत नाही. दिवाळीनंतर मी कामाला लागलो. पहिली पाळी असली की दुपारी रोह्याहून सुटायचो, पेणला उतरून जोह्याची एसटी धरायचो आणि अंधार पडेपर्यंत होडीपाशी असायचो. फोड घासून उघडे केले, आतलं खारं पाणी निथळू दिलं. कुजलेली फळी छिन्नीने पोखरून काढली आणि सागाची नवी बसवून तिला फायबरमध्ये बंद केलं. चीर दोन्ही बाजूंनी उतरती घासून पाच थरांनी भरली. काचेच्या धाग्यांच्या मॅटचे उरलेले तुकडे कंपनीतल्या साहेबांना सांगूनच आणायचो. भंगारात जाणाऱ्या तुकड्यांतून होडी होतेय, याचं त्यांनाही कौतुक होतं.

मित्र आधी नुसता बघत बसायचा. नंतर त्याने विचारायला सुरुवात केली. रेझिन घट्ट करणारा हार्डनर किती टाकायचा, थंडीत किती, उन्हात किती. मॅट उभी का आडवी. हवेचे बुडबुडे रोलरने कसे काढायचे. मी सगळं शिकवलं. शिकवायला मला आवडत होतं, खरं सांगतो. कंपनीत मला कुणी काही विचारत नसे. इथे मूर्ती घडवणारा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसून माझे हात बघत होता.

आणि त्यानेही मला शिकवलं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायचं काम माझ्यापेक्षा त्याचं दसपट चांगलं. मी डोळ्यांनी बघून सपाट झालं म्हणायचो. तो माझं मनगट धरून माझा तळवा त्या जागेवर फिरवायचा. "आता सांग. हितं चढ हाय का नाय?" असायचा. मग पुन्हा पाणी, पुन्हा पॉलिश पेपर. नाकाच्या डाव्या बाजूला, पाण्याखाली जाणाऱ्या भागात, माझ्या हातून एकदा जास्त घासलं गेलं. अंगठ्याएवढी लांब, उथळ खळी पडली. तो भरायला निघाला. मी म्हटलं, राहू दे, पाण्याखाली कोण बघतंय.

असे दोन हिवाळे गेले. त्याची बायको आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढायची. सुट्टी असली की माझी बायकोही यायची. दोघी पुढच्या अंगणात बसायच्या, आम्ही मागे. फायबरच्या वासाने डोकं धरलं की आम्ही शेताच्या बांधावर जाऊन बसायचो आणि होडी पाण्यात पडल्यावर कुठे कुठे जायचं ते ठरवायचो. तो म्हणायचा, आपण पार रेवदंड्याला जाऊ. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्या होत्या असं मी तेव्हा म्हणालो असतो.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तळाला शेवटचा पांढरा रंग बसला. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "अजून नाय. मेण लावायचं. आरसा झाला पायजे." त्याने स्वतः मेण लावलं. वाळू दिलं, घासलं, पुन्हा लावलं. पाच वेळा. मी बघत होतो आणि मला भरून येत होतं, की बघा, दुसऱ्याच्या होडीसाठी हा माणूस किती जीव टाकतो.

मी फायबरचं काम करणारा माणूस. साच्यावर मेणाचे पाच हात का देतात, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

त्याच महिन्यात कंपनीचं वार्षिक शटडाउन आलं. सगळ्या टाक्या एकदम रिकाम्या होतात, तेव्हा आम्हाला डबल शिफ्ट असते. मी त्याला सांगितलं, पंधरा दिवस जमणार नाही. तो म्हणाला, "येऊच नको. पडवीला कुलूप लावतो. धूळ बसायला नको." पंधरा दिवसांनी गेलो तर होडी तशीच पालथी, चकचकीत. फक्त काठाच्या खाली एका जागी निळसर पातळ पापुद्रा चिकटला होता. मी नखाने काढला.

"हे काय?"

"साबनाचं असल," तो म्हणाला. "धुतली मी."

मी ओलं फडकं फिरवलं, पापुद्रा विरघळून गेला. साच्यातून माल सुटावा म्हणून मेणावर जो निळा द्राव मारतात, तो असाच वाळतो आणि असाच पाण्याने जातो. मी तो रोज वापरत होतो. तरी मला शंका आली नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला याच एका गोष्टीसाठी बोल लावत आलो. पण ज्याच्या घरी जेवलोय त्याच्याकडे त्या नजरेने बघतो कोण?

रेवसच्या एका कोळ्याकडून जुनं दोन सिलिंडरचं इंजिन मिळालं होतं, ते उघडून चालतं केलं. मग पावसाळा गेल्यावर, मार्गशीर्षातल्या एका उधाणाच्या भरतीला, दुपारी, मिठागराच्या बांधावरून आम्ही होडी पाण्यात सोडली. नारळ मित्राने फोडला. म्हाताऱ्याला मी पुढे बसवलं, बायकोला मधे. आठव्या की नवव्या ओढीला इंजिन धरलं आणि तिवरांमधून आम्ही मधल्या पाण्यात आलो. म्हातारा दोन्ही काठ धरून ताठ बसला होता. तो मोठ्याने ओरडला, "आरं, माजं छप्पर पलतंय!" आम्ही चौघंही हसत होतो. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि आजही मला त्याचा अर्थ लावता येत नाही.

त्यानंतर तो होडीत फारसा आला नाही. रविवारी बोलवावं तर ऑर्डर असायची. मूर्तींच्या ऑर्डरी गणेशोत्सव संपून तीन महिने होतायत तोवर कशा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, यंदा परदेशात जाणाऱ्या मूर्ती आहेत. मी खूश झालो. बायकोला सांगितलं. तिने फक्त "बरं" म्हटलं आणि भांडी आवरायला उठली.

पुढच्या वर्षी बायकोच्या मावसबहिणीच्या बारशाला आम्ही कोलाडच्या पुढे निघालो होतो. कोलाडला हायवेवर गाडी चहाला थांबली. तिथे एक नवं हॉटेल झालं होतं. मागे नदीपर्यंत उतरणारी बाग, झोपाळे, आणि धक्क्यापाशी दोन मोटारहोड्या. एक निळी, एक पिवळी. हातात चहाचा कप तसाच घेऊन मी उतारावरून खाली गेलो. लांबूनच मला ती कंबर ओळखू आली होती, पण म्हटलं, असेल, अशा होड्या असतात.

निळी होडी दुरुस्तीला काठावर ओढून ठेवलेली होती. मी खाली बसलो आणि नाकाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला तळवा फिरवला. अंगठ्याएवढी खळी तिथे होती. मी पाण्यात पाय घालून पिवळीपाशी गेलो, हात खाली घातला. तिथेही होती.

हॉटेलचा माणूस धावत आला. "काय साहेब, काय पडलं का?"

"या होड्या कुठून आणल्या?"

"पेणहून. जोह्याला एक कारखाना हाय, गणपतीवाला. आता होड्या करतो. एकदम मजबूत. डिझाइन त्याचं स्वतःचं हाय."

"किती केल्या त्याने?"

"आमच्या दोन. काशिदकडे तीन-चार गेल्यात म्हणं. का? तुमाला पायजे?"

मी नाही म्हणालो. कपातला चहा कधी सांडला ते कळलं नाही. एसटीचा हॉर्न वाजत होता. गाडीत बायकोशेजारी बसलो तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. तिने माझ्या पँटकडे बघितलं, मग खिडकीतून खाली नदीकडे. दोन गावं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"जोह्याला हळदीकुंकवाला गेले होते ना, तेव्हा मागे साचा बघितला. आपल्या होडीएवढा. वहिनींनी हात धरून सांगितलं, आताच बोलू नका, हे स्वतः भावजींना सांगणार आहेत. मी म्हटलं, सांगतील. वाट बघत राहिले."

"कधीचं हे?"

"आठ महिने झाले."

आठ महिने. त्या आठ महिन्यांत ती रोज पहाटे उठून माझा डबा भरत होती, आणि मी तिला त्याच्या परदेशातल्या मूर्तींचं कौतुक सांगत होतो. बारशात मी काय खाल्लं, कुणाशी काय बोललो, काही आठवत नाही. बाळ मांडीवर दिलं तेव्हा सगळे म्हणाले, नीट धरा, लक्ष कुठे आहे तुमचं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट चुकवून मी जोह्याला गेलो. तो ओटीवर बसून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. ते काम चालू असताना कुणी बोलत नाही. मी उभा राहिलो. त्याने एक डोळा पुरा केला, दुसरा पुरा केला, कुंचला पाण्यात ठेवला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"कोलाडला गेलतास," तो म्हणाला. "हाटेलवाल्याचा फोन आलता."

"साचा दाखव."

तो उठला. परसात एक नवी शेड झाली होती. ताडपत्री त्याने ओढली. आत आमची होडी होती, आतून बाहेर उलटी केल्यासारखी. मी नाकाच्या बाजूला बघितलं. खळीच्या जागी उंचवटा होता, माझ्या अंगठ्याएवढा. काम उत्तम होतं. कुठे बुडबुडा नाही, कुठे लाट नाही. मी शिकवलं होतं तसंच.

"शटडाउनमध्ये काढलास."

"व्हय."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाय म्हनला असतास."

"मग?"

"म्हनून नाय विचारलं." त्याने हे अगदी सरळ सांगितलं. मग तोच बोलत राहिला. गणपतीचं काम वर्षातून एकदा. घरात खाणारी तोंडं नऊ. दर वर्षी कुणीतरी नवा कारखाना काढतो, आमच्याच मूर्तीवरून रबराचा साचा काढतो आणि आमच्याच शेजारी विकतो. "आमच्याकडं ह्याला चोरी म्हनत नाय," तो म्हणाला. "आनि तुझं मी काय नेलं? होडी तुझी होती, तुझ्याकडंच हाय. एक ओरखडा तरी आलाय का तिला?"

नव्हता आला. मला हेच तर सांगता येत नव्हतं, की माझं काय गेलं. होडी मी बनवलेली नव्हती. कुणा अनोळखी माणसाने बनवली होती, कुणा साहेबाने टाकली होती, म्हाताऱ्याने छप्पर केलं होतं. दोन हिवाळे मात्र माझे होते.

"डिझाइन स्वतःचं म्हणून सांगतोस," मी म्हटलं.

तो पहिल्यांदा खाली बघायला लागला. "गिऱ्हाइकाला काय सांगू मग?"

"माझं नाव नको होतं सांगायला. पण तुझं तरी कशाला?"

त्याने ताडपत्री पुन्हा साच्यावर ओढली. मग म्हणाला, "ये ना तू पन. दोघं मिळून करू." मला वाटतं तो मनापासून म्हणत होता. त्याने मला जास्तच राग आला. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मी निघालो.

त्या वर्षी मी होडी पाण्यात घातली नाही. मिठागरावर ती बांधावर पडून राहिली. म्हाताऱ्याची सून तिच्यावर पेंढा टाकून ठेवायची. घरातही आम्ही बोलायचो ते कामापुरतं. बायकोने एकदा तोंड उघडलं, "मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी मैत्री मोडली असती. मला वाटलं, त्याने आपण होऊन सांगितलं तर राहील." मी म्हटलं, "माझ्या वतीने ठरवायला तुला कुणी सांगितलं?" ती रडली नाही. म्हणाली, "कुणी नाही. चुकलं माझं." मित्र आणि ती, या दोघांपैकी हे शेवटचे दोन शब्द तिने एकटीनेच म्हटले. तेव्हापासून हळूहळू आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं. पण मधेच ती गप्प झाली की मी अजूनही विचारतो, काय झालं, काही आहे का. तिला त्याचा त्रास होतो. मला माहीत आहे.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी तो आमच्या दारात उभा होता. चप्पल न काढता बाहेरूनच म्हणाला, "एक होडी फाटली. मागची फळी इंजिनासकट उचकटली. मानसं होती आत. काठाजवळ होते, म्हनून वाचले."

 बायको आतून बाहेर आली होती.

"तू शिकवलं तसंच केलं रे मी सगळं," तो म्हणाला. "का फाटली मग?"

मला उत्तर तिथेच माहीत होतं. साच्यातून बाहेरचा आकार येतो. आत किती थर दिलेत ते साचा सांगत नाही. जुन्या होडीच्या अंगात जाडी होती आणि मागच्या फळीपाशी तर तिहेरी. ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त दुरुस्त करत होतो. आणि विचारायला त्याने मला ठेवलंच कुठे होतं?

क्षणभर मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही. मग त्या काठाजवळच्या माणसांचा विचार आला आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

"बाकीच्या होड्या कुठेत?" मी विचारलं.

मी तीन दिवसांची रजा टाकली. हॉटेलवाल्यांना सांगून त्याने सहा होड्या जोह्याला परत आणवल्या. एका नाण्याने मी प्रत्येकीचं अंग ठोकत गेलो. जिथे टणक वाजलं तिथे काही नाही, जिथे बद्द वाजलं तिथे खडूने गोल. दोन होड्या तर मोडायलाच सांगितल्या. त्याने वाद घातला नाही, कुऱ्हाड आणली आणि स्वतःच्या हाताने मोडल्या. उरलेल्या चार होड्यांना आम्ही आतून थर दिले, मागच्या फळीभोवती कोन भरले. पुन्हा तो उकिडवा बसून मॅट कापत होता, मी रेझिन कालवत होतो. हात आपोआप एकमेकांच्या तालात यायचे. मला त्याचाच राग यायचा, आणि मी मुद्दाम थांबून लय मोडायचो.

डबा मी घरून न्यायचो. त्याची बायको पहिल्या दिवशी वाढायला आली, मग आली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं. "कधी ठरवलंस? मेण लावताना?"

त्याने हातातली कात्री पुसून खाली ठेवली.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"टेम्पोतनं उतरवली तवाच. हात फिरवला आनि वाटलं, हिचा साचा निघंल." मग घाईने म्हणाला, "पन बाकीचं सगळं खोटं नव्हतं रे. जेवन, बोलनं, रेवदंड्याला जायचं. ते खोटं नव्हतं."

मी रोलर ॲसिटोनमध्ये धुतला. त्याने 'शेवटी शेवटी' म्हटलं असतं तर मला निदान पहिला हिवाळा तरी राहिला असता. पण मीच खरं मागितलं होतं. होड्या झाल्यावर मी चारही पुन्हा ठोकून बघितल्या, सगळ्या टणक वाजल्या. तो म्हणाला, "तू आलास, लय केलंस." मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही आलो." आणि साडेपाचची एसटी धरली.

त्याने पुढे होड्या बंद केल्या. साचा कुणाला तरी देऊन टाकला म्हणे, कुणाला ते मी विचारलं नाही. आमची होडी पुन्हा पाण्यात आहे. बायको आता इंजिन माझ्यापेक्षा चांगलं चालवते आणि चिखल कुठे वर आलाय ते तिला पाण्याच्या रंगावरून कळतं. हळदीकुंकवाला ती जोह्याला जाते. मी अडवत नाही, विचारतही नाही.

तो मला पेणच्या स्टँडवर भेटतो कधीकधी. केस पांढरे झालेत. "बरं हाय ना?" असं विचारतो, माझ्या हातांकडे बघत. मी म्हणतो, "बरं हाय." आणि माझी गाडी लागलेली नसली तरी लागल्यासारखं करून पुढे जातो.